दारावरची चिठ्ठी वाचताना

वर्गाच्या दारावर चिठ्ठी लावलेली असते : ‘आठवी अ चा विज्ञानाचा तास प्रयोगशाळेत.’ उशिरा आलेला मुलगा ती वाचतो आणि प्रयोगशाळेकडे धावतो. संध्याकाळी शिपाईमामाही तीच चिठ्ठी वाचतात, पण ते प्रयोगशाळेकडे जात नाहीत. तास संपला हे त्यांना ठाऊक असते. ते चिठ्ठी काढून टाकतात. म्हणजे चिठ्ठी वाचणे ही एक क्रिया आणि चिठ्ठीत लिहिलेल्या जागी जाणे ही दुसरी. आपल्याला हा फरक इतका उघड वाटतो की तो सांगण्याचीही गरज भासत नाही. संगणकाला मात्र तो दर वेळी स्पष्ट सांगावा लागतो. आणि तो कोणत्या शब्दांत सांगायचा, याबद्दल निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टीम्सचे आजवर पुरते एकमत झालेले नाही.

संगणकावरच्या या चिठ्ठीचे नाव सिंबॉलिक लिंक. आपण तिला नुसते ‘दुवा’ म्हणू. दुवा म्हणजे एक अगदी छोटी फाइल. तिच्यात दुसऱ्या एखाद्या फाइलीचा किंवा फोल्डरचा पत्ता मजकूर म्हणून लिहिलेला असतो, बाकी काही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गटाने १९८३ साली युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात हे दुवे आले, आणि ते वाचण्याची ‘रीडलिंक’ नावाची सोयही तिच्यातच आली. आज लिनक्स, मॅकओएस, विंडोज या सर्वांवर दुवे आहेत.

(आज्ञांची नावे या लेखात उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. कळफलकावर ती अर्थातच रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करायची. शब्दाआधी वजाचे चिन्ह दिसले की तो त्या आज्ञेचा पर्याय समजावा.)

दुव्याचा उपयोग काय? समजा, शाळेच्या संगणकावर मुलांचे काम वर्षवार फोल्डरांत ठेवले आहे. दर जूनमध्ये नवे फोल्डर तयार होते. अशा वेळी ‘चालू’ नावाचा एक दुवा करून ठेवायचा आणि त्यात यंदाच्या फोल्डरचा पत्ता लिहायचा. मुलांनी आणि प्रोग्रामांनी नेहमी ‘चालू’ हेच नाव वापरायचे. वर्ष बदलले की फक्त चिठ्ठी बदलायची.

माझ्या माहितीतल्या एका शाळेत नेमकी अशीच व्यवस्था होती. अकरावीतल्या एका मुलाने चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला होता : ‘चालू’ हा दुवा कुठे नेतो ते शोधायचे, आणि तिथल्या सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायच्या. प्रयोगशाळेतल्या लिनक्सवर तो वर्षभर बिनतक्रार चालला. वर्षाच्या शेवटी संगणकाच्या बाईंनी सगळे काम आपल्या जुन्या मॅकवर घेतले आणि तोच प्रोग्राम तिथे चालवला. पडद्यावर ‘अमुक पर्याय चालत नाही’ अशा अर्थाची एक ओळ चमकून गेली, आणि प्रोग्राम पुढे चालूच राहिला. पेन ड्राइव्ह भरला, पण मुलांच्या कामाने नव्हे. त्यात मॅकवरच्या भलत्याच फाइली येऊन बसल्या होत्या. ‘बाई, लॅबमध्ये तर चालत होतं!’ असे तो मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याचे म्हणणे खरेच होते.

घोटाळा झाला तो असा. मुलाने ‘रीडलिंक -एफ’ ही आज्ञा वापरली होती. लिनक्सवर या पर्यायाचा अर्थ असा : नुसती चिठ्ठी वाचू नकोस, चिठ्ठीमागे चिठ्ठी असेल तर सगळ्या वाचत जा, वाटेतल्या फोल्डरांचेही दुवे सोडव, आणि शेवटचा पूर्ण पत्ता मला दे. ही सोय ग्नू प्रकल्पाच्या साधनांत होती. मॅकची साधने बीएसडीच्या घराण्यातली. तिथल्या ‘रीडलिंक’ला -एफ हा पर्याय बराच काळ नव्हता; तो मॅकओएस १२.३ मध्ये, म्हणजे २०२२ साली आला. बाईंचा मॅक त्याआधीचा होता. त्याने आज्ञा नाकारली, त्यामुळे पत्ता ज्या चलात साठवायचा ते चल रिकामे राहिले. पुढच्या ओळीत ‘त्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन तिथले सगळे उतरवून घे’ असे लिहिले होते. पत्ता रिकामा, म्हणून उरली ती नुसती तिरकी रेघ. आणि युनिक्स घराण्यात नुसत्या तिरक्या रेघेचा अर्थ होतो संपूर्ण संगणक, अगदी मुळापासून!

इथे फाइली उतरवायच्या होत्या म्हणून निभावले. पुसायच्या असत्या तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. जानेवारी २०१५ मध्ये स्टीम या खेळांच्या सॉफ्टवेअरच्या लिनक्स आवृत्तीबाबत अशी तक्रार नोंदली गेली. एका वापरकर्त्याने स्टीमचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवले आणि जुन्या जागी दुवा ठेवला. स्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रामात स्वतःची जागा शोधून एका चलात ठेवणारी ओळ होती, आणि काही प्रसंगी ‘त्या जागेपुढे तिरकी रेघ, तिथले सगळे पुसून टाक’ अशी दुसरी ओळ होती. जागा सापडली नाही, चल रिकामे राहिले, आणि त्या माणसाच्या मालकीच्या साऱ्या फाइली पुसल्या गेल्या. जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्याही. त्या पुसणाऱ्या ओळीच्या वर प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्वतःच ‘भीतिदायक’ अशा अर्थाची टीप लिहून ठेवली होती. भीती वाटली ती रास्त होती, पण टीप लिहून ती टळत नाही. चल रिकामे आहे का, एवढे तपासले असते तर पुरे होते. युनिक्स घराण्यातल्या बहुतेक शेलमध्ये त्यासाठी तयार सोय आहे : महिरपी कंसात चलाच्या नावापुढे अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह लिहिले की चल रिकामे असताना प्रोग्राम तिथेच थांबतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सगळ्या यंत्रांवर सारखाच चालेल असा दुवा वाचण्याचा मार्ग कोणता? अशा वेळी पॉसिक्स या मानकाकडे पाहायचे असते. युनिक्ससारख्या सर्व सिस्टीम्सनी किमान काय द्यावे हे त्यात ठरवलेले असते. गंमत अशी की प्रोग्रामातून वापरायचे ‘रीडलिंक’ हे फंक्शन पॉसिक्सच्या २००१ च्या आवृत्तीत होते, पण त्याच नावाची, कळफलकावरून द्यायची आज्ञा मात्र मानकात आली ती थेट २०२४ च्या आवृत्तीत. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक यंत्रावर ती आज्ञा दिसत असली, तरी तिने नक्की काय करावे हे मधली अनेक वर्षे ज्याने त्याने आपापले ठरवले.

त्या मुलाच्या बाबतीत खरे तर ‘रीडलिंक’ची गरजच नव्हती. दुवा फोल्डरकडे नेत असेल तर त्या फोल्डरमध्ये जाऊनच विचारावे, ‘मी कुठे आहे?’ त्यासाठी ‘सीडी -पी चालू’ असे करून आत जायचे आणि ‘पीडब्ल्यूडी -पी’ने पत्ता विचारायचा. -पी म्हणजे दुव्यांची नावे नकोत, खरी जागा सांग. या दोन्ही आज्ञा जुन्या मानकात आहेत आणि लिनक्स, मॅक, सगळीकडे सारख्या वागतात. फक्त पहिली आज्ञा यशस्वी झाली तरच दुसरी करायची, अशी अट मध्ये घालावी. मला स्वतःला हाच मार्ग सर्वांत आवडतो, कारण यात चिठ्ठी वाचायचे काम आपण करतच नाही. ते सिस्टीमच करते.

दुवा फाइलीकडे नेत असेल तर मात्र हे जमत नाही, कारण फाइलीच्या ‘आत’ जाता येत नाही. मग चिठ्ठ्या एकेक करून आपणच वाचाव्या लागतात. हे काम करताना सर्वांत जास्त चुका कशात होतात, ते आधी पाहू.

चिठ्ठीवर पत्ता दोन प्रकारे लिहिता येतो. ‘मुख्य फाटकातून आत, दुसरा मजला, खोली क्रमांक १२’ हा झाला पूर्ण पत्ता. ‘शेजारच्या खोलीत’ हा सापेक्ष पत्ता. आता ‘शेजारच्या’ म्हणजे कोणाच्या शेजारच्या? ही चिठ्ठी ज्या दारावर आहे त्या दाराच्या. वाचणारा कुठून आला याचा त्याच्याशी काही संबंध नाही. समजा, मुख्याध्यापकांनी आपल्या खोलीत बसून दूरध्वनीवर विचारले, ‘आठवी अ च्या दारावर काय लिहिले आहे?’ उत्तर आले, ‘शेजारच्या खोलीत.’ म्हणून ते उठून आपल्याच शेजारच्या खोलीत गेले, तर तिथे कारकून भेटतील, मुले नव्हेत. नवशिक्यांचे प्रोग्राम नेमके हेच करतात. दुव्यातला मजकूर घेतात आणि प्रोग्राम ज्या फोल्डरमध्ये चालू आहे तिथून तो पत्ता मोजू लागतात. त्याच कारणाने सापेक्ष पत्त्याचा दुवा दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला की त्यातले एक अक्षरही न बदलता त्याचा अर्थ बदलतो.

तेव्हा रीत अशी. फाइलीच्या नावातला फोल्डरचा भाग वेगळा काढायचा आणि ‘सीडी -पी’ने तिथे जायचे. वाटेतले फोल्डर स्वतःच दुवे असले तरी हरकत नाही, ‘सीडी’ ते सोडवते. आपल्याला फक्त शेवटच्या नावाची चिंता करायची आहे. ते नाव दुवा आहे का, हे ‘टेस्ट -एच’ने तपासायचे. नसेल तर काम झाले : ‘पीडब्ल्यूडी -पी’चे उत्तर आणि ते नाव जोडले की पूर्ण पत्ता तयार. दुवा असेल तर कोणताही पर्याय न देता नुसते ‘रीडलिंक’ वापरून एकच चिठ्ठी वाचायची, आणि मिळालेल्या पत्त्यावर हीच रीत पुन्हा पहिल्यापासून लावायची. आपण चिठ्ठीच्याच फोल्डरमध्ये उभे असल्यामुळे पत्ता पूर्ण असो की सापेक्ष, तो बरोबरच लागतो.

दोन दारांवर एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या चिठ्ठ्या लावल्या तर? बिचारा विद्यार्थी दिवसभर फेऱ्या मारील. म्हणून किती चिठ्ठ्या वाचल्या हे मोजत जावे आणि एका मर्यादेनंतर थांबावे. सिस्टीम्सही तेच करतात. लिनक्स ४० दुव्यांनंतर हात टेकते, मॅकओएस ३२ नंतर. किमान ८ पर्यंत तरी जावे, असे पॉसिक्सचे म्हणणे आहे.

आणि ‘रीडलिंक’ ही आज्ञाच नसेल तर? काही जुन्या व्यावसायिक युनिक्सवर ती नव्हती. तिथे ‘एलएस -एल’चा आधार घेता येतो. फाइलींची सविस्तर यादी देणारी ही आज्ञा दुव्याचे नाव, मग बाण (वजाचे चिन्ह आणि त्यापुढे ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह), मग पत्ता अशी ओळ छापते, आणि ही मांडणी मानकानेच ठरवलेली आहे. पण ‘पहिल्या बाणापर्यंतचे सगळे कापून टाक’ असे लिहू नये. फाइलीच्या नावात बाण वापरायला कोणाची मनाई नाही, आणि मुले काहीही नावे देतात. दुव्याचे नाव आपल्याला आधीच ठाऊक असते, तेव्हा त्या नावासकट बाण शोधावा.

सी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे, आणि तो बराच जुना आहे. सी भाषेत मजकुराच्या शेवटी एक शून्य बाइट असावी लागते. मजकूर कुठे संपला हे तिच्यावरूनच कळते. ‘रीडलिंक’ हे फंक्शन ती शून्य बाइट लिहीत नाही. ते पत्त्याच्या बाइटी आपण दिलेल्या जागेत टाकते आणि किती टाकल्या तो आकडा परत देते. शेवटचे शून्य आपणच लिहायचे. विसरलात तर पत्त्यामागे स्मृतीतला आधीचा कचरा चिकटतो. तोही रोज नाही, अधूनमधून. शिवाय दिलेली जागा अपुरी पडली तर हे फंक्शन तक्रार करीत नाही, पत्ता गुपचूप कापते. म्हणून नियम असा पाळावा की परत आलेला आकडा दिलेल्या जागेइतकाच भरला, तर पत्ता कापला गेला असे समजून दुप्पट जागा घ्यायची आणि पुन्हा वाचायचे. दुव्याची लांबी आधी विचारून तेवढीच जागा घ्यावी, असे काही पुस्तके सुचवतात. परंतु लिनक्सच्या ‘प्रॉक’ या फोल्डरातले दुवे आपली लांबी शून्य सांगतात, म्हणून त्या आकड्यावर पूर्ण विसंबू नये.

मराठी नावे वापरणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. लांबी बाइटींत मोजली जाते, अक्षरांत नव्हे. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटी घेते, आणि काना-वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे असतात. ‘दहावी’ या शब्दात द, ह, काना, व, वेलांटी अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइटी. १० बाइटींची जागा दिली तर ‘व’च्या मध्येच पत्ता कापला जाईल.

विंडोजची कथा वेगळी आहे. विंडोज २००० मध्ये ‘जंक्शन’ नावाची सोय आली, पण ती फक्त फोल्डरांसाठी होती. खरे सिंबॉलिक लिंक २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून मिळू लागले. ते तयार करण्याच्या ‘एमकेलिंक’ या आज्ञेत आधी दुव्याचे नाव येते आणि मग पत्ता; युनिक्सच्या ‘एलएन -एस’मध्ये बरोबर उलटे. दोन्हींकडे काम करणाऱ्याची इथे हमखास गफलत होते, माझी अजूनही होते. शिवाय दुवा फाइलीचा की फोल्डरचा हे तिथे आधी सांगावे लागते. सुरुवातीला दुवे करण्याचा अधिकार फक्त प्रशासकाला होता. २०१७ च्या विंडोज १० सुधारणेपासून ‘डेव्हलपर मोड’ चालू केल्यास सामान्य वापरकर्त्यालाही ते करता येतात.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की विंडोजच्या दुव्यात पत्ता दोनदा लिहिलेला असतो. एक सिस्टीमला चालण्यासाठी, दुसरा माणसाला दाखवण्यासाठी. पहिल्याच्या सुरुवातीला बहुधा उलट्या तिरक्या रेघा आणि प्रश्नचिन्हे असा विचित्र उपसर्ग असतो. यातला कोणता वाचायचा? पायथॉन भाषेचे ‘रीडलिंक’ आधी दाखवण्याचा पत्ता देत असे, ३.८ आवृत्तीपासून ते चालण्याचा पत्ता देते, उपसर्गासकट. जुना प्रोग्राम नव्या पायथॉनवर अचानक अनोळखी पत्ते देऊ लागला, तर कारण हे असू शकते. आणि विंडोजवर पूर्ण पत्त्याची सुरुवात तिरक्या रेघेने न होता डिस्कचे अक्षर आणि अपूर्णविराम यांनी होते, म्हणून वर सांगितलेली रीत तिथे हाताने लिहीत बसू नये. पायथॉनचे ‘रिअलपाथ’ हे फंक्शन वापरावे. ते ३.८ पासून विंडोजवरचेही दुवे सोडवते. मात्र शेवटची फाइल अस्तित्वात नसली तरी ते कुरकुर करीत नाही; ३.१० पासून मिळणारा ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय दिला तरच चूक दाखवते.

विंडोज ९५ पासून पडद्यावर दिसणारे शॉर्टकट, किंवा मॅकवर १९९१ च्या सिस्टीम ७ पासून असलेले ‘एलियस’, हे दुवे नव्हेत. दिसायला भाऊ, पण गोत्र वेगळे. शॉर्टकट ही साधी फाइल असते आणि तिचा अर्थ फक्त पडद्यावरची फोल्डरे दाखवणाऱ्या प्रोग्रामसारख्यांनाच कळतो. ‘रीडलिंक’ला त्या दाखवल्या तर ‘हा दुवा नाही’ असेच उत्तर येणार.

पेन ड्राइव्हचा मुद्दा राहिला. बहुतेक पेन ड्राइव्हवर फॅट किंवा एक्सफॅट ही मांडणी असते आणि तिच्यात दुव्यांसाठी जागाच नाही. म्हणून फोल्डर उतरवून घेताना चिठ्ठी उतरवायची की चिठ्ठीमागची वस्तू, हे ‘सीपी’ला सांगितलेच पाहिजे. नुसत्या ‘सीपी -आर’ने (इथला आर मोठ्या लिपीतला) दुव्यांचे काय करावे हे मानकाने मोकळे सोडले आहे, त्याला मोठ्या लिपीतला -एल जोडला की दुव्यामागचा खरा मजकूर उतरतो. गिटवर प्रकल्प ठेवणाऱ्यांना आणखी एक प्रकार दिसतो. लिनक्सवर केलेला दुवा विंडोजवर आल्यावर कधी कधी साधी मजकुराची फाइल बनतो, आणि ती उघडली तर आत एकच ओळ असते : पत्ता. दुवा म्हणजे मुळात काय, हे मुलांना दाखवायला याहून चांगला नमुना नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे एक-दोन प्रयोग सांगतो. लिनक्सच्या किंवा मॅकच्या संगणकावर ‘दहावी’ नावाची फाइल नसतानाच तिच्याकडे नेणारा ‘चालू’ हा दुवा ‘एलएन -एस’ने करा. दुवा तयार होईल. पत्ता खरा आहे की नाही हे कोणी तपासत नाही. मग ‘एलएस -एल’ द्या आणि आकाराच्या स्तंभात १५ हा आकडा शोधा. तो कुठून आला, हे मुलांना विचारा. त्यानंतर ‘कॅट चालू’ देऊन पाहा, आणि लगेच ‘रीडलिंक चालू’. एक आज्ञा ‘अशी फाइल नाही’ म्हणेल, दुसरी शांतपणे ‘दहावी’ असे उत्तर देईल. शेवटी ‘दहावी’ हाच ‘चालू’कडे नेणारा दुवा करा आणि पुन्हा ‘कॅट चालू’ द्या.